लोणारचं पाणी, शेगावचे केस आणि प्रयोगशाळेतले सुटे भाग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका आजोबांचा रक्ताचा रिपोर्ट हातात आला. सोडियम १२४. रक्तातलं सोडियम साधारण १३५ ते १४५ असावं लागतं. १२४ वर आलेला माणूस बहुतेक वेळा मलूल असतो, बोलण्यात गोंधळतो, कधी झटकेही येतात. आजोबा मात्र समोरच्या खुर्चीत बसून नातवाशी कापसाच्या भावावरून वाद घालत होते. तासाभरात आणखी दोघांचे रिपोर्ट आले. एकाचं सोडियम १२५, दुसऱ्याचं १२६. एकाच सकाळी, एकाच लॅबमधून, तीन वेगवेगळ्या आजारांची तीन माणसं आणि सोडियम जवळजवळ सारखं!

मी लॅबला फोन केला. यंत्रातली बोटभर लांबीची पंपाची नळी दाबून दाबून चपटी झाली होती आणि रक्ताचा नमुना पुरेसा आत ओढला जात नव्हता. नळी बदलल्यावर आजोबांच्या त्याच नमुन्यात सोडियम आलं १३८. तंत्रज्ञ ओशाळून म्हणाला, "सर, नळी महिन्यापूर्वीच बदलायची होती. मागवली होती, पण आलीच नाही."

पहिल्या रिपोर्टवर विश्वास ठेवून मी त्यांना जास्त मिठाचं सलाईन लावलं असतं तर? सोडियम भराभर वाढलं की मेंदूला इजा होऊ शकते. म्हणजे एका स्वस्तातल्या नळीमुळे चालताबोलता माणूस आयसीयूत जाऊ शकला असता.

आपल्याला रिपोर्टवरचा आकडा दिसतो, फार तर लॅबमधलं चकचकीत यंत्र दिसतं. आकडा खरा की खोटा हे मात्र बऱ्याचदा ठरतं यंत्रातल्या एखाद्या नळीवर, काचेच्या फुग्यावर, प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर किंवा दिव्यावर. हे भाग झिजतात, ते वेळेवर बदलावे लागतात. आज या सुट्या भागांचा इतिहास सांगतो. त्यासाठी आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या तीन ठिकाणी जाऊ. लोणारला, पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात आणि शेगाव तालुक्यात.

लोणार आणि काचेचा फुगा

लोणारचं सरोवर उल्कापाताने बेसॉल्ट खडकात झालेल्या विवरात आहे, हे आपण शाळेत शिकलो. त्याचं पाणी खारट तर आहेच, शिवाय अल्कधर्मी आहे. पीएच साधारण १० किंवा त्याच्याही वर. शुद्ध पाण्याचा पीएच ७ असतो. पीएच एकाने वाढला की अल्कधर्मीपणा दहापट वाढतो, त्यामुळे ७ आणि १० मधला फरक हजारपटीचा आहे. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचं समजलं.

पीएच मोजण्याच्या दांड्याच्या टोकाला काचेचा अगदी पातळ फुगा असतो. काचेच्या दोन बाजूंना आम्लता वेगवेगळी असेल तर तिथे विजेचा दाब तयार होतो, हे मॅक्स क्रेमर यांनी १९०६ मध्ये दाखवलं. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर आणि झिग्मुंट क्लेमेन्सिएविच यांनी त्यातून मोजण्याचं साधन तयार केलं. पण एक अडचण होती. काच जाड ठेवली तर वीज इतकी क्षीण यायची की त्या काळच्या मीटरचा काटा हलत नसे. पातळ केली तर फुगा हातात फुटायचा.

ही अडचण सुटली ती लिंबाच्या रसामुळे. कॅलिफोर्नियात फळबागायतदारांच्या संघात काम करणारा एक रसायनतज्ज्ञ लिंबाच्या रसाची आम्लता मोजताना सारखे फुगे फोडत होता. त्याने आपला जुना वर्गमित्र आर्नोल्ड बेकमन याला गाठलं. बेकमनने १९३४ मध्ये रेडिओतल्यासारख्या व्हॅक्युम ट्यूबा वापरून क्षीण वीज मोठी करून दाखवली. आता फुगा जाड आणि टिकाऊ करता आला. फुग्याच्या दुखण्यावर उपाय शोधताना जगाला पीएच मीटर मिळाला.

तरी फुगा अमर झाला नाही. २५ अंश तापमानाला पीएच एकाने बदलला की चांगला फुगा सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक दाखवतो. फुगा जुना झाला, कोरडा पडला किंवा त्यावर मळ बसला की हा फरक घटत जातो. म्हणून रोज ७ आणि १० अशा ठरलेल्या पीएचच्या द्रावणांत दांडा बुडवून बघायचं असतं. फरक कमी येऊ लागला की आधी दांडा स्वच्छ करायचा, तरीही सुधारणा नाही तर बदलायचा. लोणारसारखं पाणी मोजताना तर दांड्याची काच कुठल्या प्रकारची आहे हेही बघावं लागतं. पाण्यात सोडियम भरपूर आणि पीएच जास्त असेल, तर साधी काच सोडियमलाच फसते आणि पीएच खरा आहे त्यापेक्षा कमी दाखवते.

चुकीतून मिळालेलं सोडियम

काचेचं हे फसणं शास्त्रज्ञांची डोकेदुखी होतं. काहींनी मात्र उलटा विचार केला. काच सोडियमला फसते ना? मग तिला पुरतीच फसू द्या! १९५७ मध्ये जॉर्ज आयझेनमन आणि सहकाऱ्यांनी काचेतल्या घटकांचं प्रमाण बदलून अशी काच बनवली की ती मुख्यतः सोडियमलाच प्रतिसाद देते. पीएच मोजणाऱ्यांची चूक होती, तीच सोडियम मोजणाऱ्यांची पद्धत झाली.

त्याआधी सोडियम-पोटॅशियम मोजायला ज्योत वापरत. मिठाचा कण गॅसवर पडला की ज्योत पिवळी होते, हे आपण स्वयंपाकघरात बघतो. १८६० मध्ये बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी अशा रंगांवरून मूलद्रव्यं ओळखण्याचं शास्त्र उभं केलं. पुढे त्यातून फ्लेम फोटोमीटर आला. अनेक जुन्या डॉक्टरांना लॅबमधला तो गॅस सिलिंडर आणि एअर कॉम्प्रेसरचा आवाज आठवत असेल. त्याचा नाजूक भाग म्हणजे नमुना फवारणारी बारीक नळी. ती रक्तातल्या प्रथिनांनी तुंबली की ज्योतीत नमुना कमी जायचा आणि आकडा खाली यायचा.

पोटॅशियमसाठी उपाय सापडला एका प्रतिजैविकात. व्हॅलिनोमायसिनचा रेणू कड्यासारखा असतो. त्याच्या मधल्या पोकळीत पोटॅशियम नेमकं बसतं, सोडियम बसत नाही. रक्तात पोटॅशियम ४ आणि सोडियम १४० असतं, म्हणजे पस्तीसपट जास्त. त्या गर्दीतून हा रेणू पोटॅशियमच निवडतो. झुरिकच्या विल्हेल्म सायमन यांच्या गटाने १९६० च्या दशकात त्याचा इलेक्ट्रोड केला. आज तालुक्याच्या ठिकाणच्या इलेक्ट्रोलाइट यंत्रातही पोटॅशियमच्या इलेक्ट्रोडमध्ये व्हॅलिनोमायसिन मुरवलेला प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. प्रत्येक नमुन्याबरोबर तो थोडा थोडा धुतला जातो, त्यावर प्रथिनांचा थर बसतो आणि काही महिन्यांनी त्याचं आयुष्य संपतं.

हे मोजमाप किती नाजूक आहे, याचा हिशेब करून बघा. सोडियम १४० आणि १२५ यांतला फरक माणसाच्या दृष्टीने फार मोठा. इलेक्ट्रोडच्या दृष्टीने तो जेमतेम ३ मिलिव्होल्ट! एक मिलिव्होल्ट इकडचं तिकडे झालं तरी सोडियम पाच-सहाने चुकतं. बुडबुडा अडकला, आतलं पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण संपत आलं, नळी ढिली झाली, एवढं पुरतं.

खारपाणपट्टा, क्रिएटिनिन आणि पंपाची नळी

आता लोणारहून उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यात चला. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा खारपाणपट्टा. इथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारट आणि किडनीच्या आजाराची भीती घरोघर. म्हणून या भागात सगळ्यांच्या तोंडी असलेली तपासणी म्हणजे क्रिएटिनिन.

ही तपासणी आपल्या पणजोबांच्या काळातली आहे. १८८६ मध्ये मॅक्स याफे यांना दिसलं की क्रिएटिनिनमध्ये पिक्रिक ॲसिड आणि अल्कली मिसळलं की नारिंगी रंग येतो. रंग जितका गडद, तितकं क्रिएटिनिन जास्त. सुरुवातीला दोन काचनळ्या शेजारी धरून डोळ्याने रंग जुळवत. पुढे डोळ्याच्या जागी प्रकाशाचा दिवा आणि फोटोसेल आला. रसायन मात्र अनेक ठिकाणी आजही तेच आहे.

१९५७ साली आणखी एक बदल झाला. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या लिओनार्ड स्केग्ज यांनी घडवलेला ऑटोॲनालायझर त्या वर्षी टेक्निकॉन कंपनीने बाजारात आणला. आधी प्रत्येक रुग्णासाठी वेगळी परीक्षानळी लागे. स्केग्ज यांनी सगळ्यांचे नमुने एकाच नळीतून, मध्ये हवेचे बुडबुडे सोडून, आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागोमाग पळवले. त्यातला पडदा रक्तातली प्रथिनं गाळून टाकायचा. हेच स्केग्ज त्याआधी जॅक लिओनार्ड्स यांच्यासोबत कृत्रिम किडनीवर काम करत होते. आपल्याकडे डायलिसिसला जाणारा रुग्ण आणि त्याचं क्रिएटिनिन मोजणारं यंत्र, दोघांचं नातं असं एका पडद्याशी जुळतं.

या यंत्रातला पंप फार साधा होता. लवचिक नळीवरून रोलर फिरतात, नळी दाबली जाते आणि आतलं द्रव पुढे सरकतं. उसाचं गुऱ्हाळ आठवा, फक्त इथे चिपाड होत नाही. निदान लगेच होत नाही! हजारो वेळा दाबलं की नळीचा ताठपणा जातो आणि ती कमी द्रव ओढते. तोच पंप आज लहान लॅबमधल्या सेमी-ऑटो यंत्रात असतो.

अशी नळी थकली की काय होतं? धरा, आधीचा रुग्ण डायलिसिसचा आहे, क्रिएटिनिन ९. त्याच्यामागे ५० वर्षांचा निरोगी शेतकरी, क्रिएटिनिन १. नळी थकल्यामुळे आधीच्या मिश्रणाचा फक्त विसावा भाग आत राहिला. ढोबळ हिशेबाने शेतकऱ्याचा आकडा येईल १.४. सध्याच्या सूत्राने किडनीचं काम १ ला सुमारे ९२ येतं, १.४ ला ६१. तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहणं म्हणजे जुनाट किडनीविकार. निरोगी माणूस त्या उंबरठ्यावर जाऊन बसला! आता तो कर्ज काढून मोठ्या शहरात जाईल, झाडपाल्याची औषधं घेईल, कदाचित त्या औषधांनीच किडनी बिघडवून घेईल.

दिव्याचंही असंच. हॅलोजन दिवा हळूहळू मंद होतो. यंत्र दर वेळी शून्य लावून घेतं, म्हणून थोडा मंदपणा चालून जातो. खरा त्रास होतो दिवा लुकलुकायला लागला की. सगळ्यांत आधी तो ३४० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात जाणवतो आणि एसजीपीटीसारख्या लिव्हरच्या तपासण्या याच प्रकाशात होतात. एकाच रक्ताची एसजीपीटी दोनदा करून आकडे फार वेगळे येत असतील, तर लिव्हरआधी दिव्याकडे बघावं.

शेगावचे केस

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं देशभर पोचली. तीन-चार दिवसांत डोक्यावरचे केस हातात येत होते. मुली शाळा-कॉलेजात जाईनात, कित्येकांनी डोकी भादरून घेतली. पाण्यातलं नायट्रेट, बुरशी, शाम्पू अशा नाना शंका निघाल्या. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी निष्कर्ष जाहीर केले. विंचूदंशावरच्या कामामुळे आपण त्यांना ओळखतोच. त्यांच्या म्हणण्यानुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं होतं आणि त्याचं मूळ रेशनच्या गव्हात होतं.

सेलेनियम १८१७ मध्ये बर्झेलियस यांनी शोधलं आणि चंद्रदेवतेचं नाव त्याला दिलं. शरीराला ते लागतं, पण अगदी कमी. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरतं, ४०० च्या वर धोका सुरू होतो. चीनमधल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात याच विषबाधेने लोकांचे केस आणि नखं गळाली होती. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागातल्या काही जमिनींत ते जास्त असल्याचं शेतीशास्त्रज्ञांना माहीत आहे.

डॉ. बावस्कर यांनी दिलेल्या दोन आकड्यांकडे बघा. न धुतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम, धुतलेल्यात १३.६१. धुऊनही ते फारसं कमी झालं नाही, म्हणजे वरून लागलेलं नाही, दाण्याच्या आत आहे. असा गहू रोज ३०० ग्रॅम खाल्ला तर पोटात सुमारे ४,००० मायक्रोग्रॅम जातं, धोक्याच्या रेषेच्या दहापट. केवढा मोठा अर्थ या दोन आकड्यांत आहे! पण तो अर्थ लावता येतो तो मोजणारं यंत्र दोन्ही वेळी सारखंच चाललं यावर भरवसा असेल तरच.

एवढं सूक्ष्म मोजायला वापरलं जाणारं एक यंत्र म्हणजे आयसीपी-एमएस. १९८० मध्ये अमेरिकेतल्या हाउक, फॅसल आणि सहकाऱ्यांनी त्याची पद्धत मांडली, १९८३ मध्ये ते विक्रीला आलं. यात नमुन्याचा फवारा आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात सोडतात. तो सूर्याच्या पृष्ठभागाहूनही तप्त असतो. तिथे प्रत्येक मूलद्रव्याचे विद्युतभारित अणू सुटे होतात आणि वजनानुसार मोजले जातात. या कोट्यवधी रुपयांच्या घरातल्या यंत्रातही नमुना आत नेते ती तीच पंपाची नळी! पुढे फवारा करणारी बारीक नळी आणि मग निकेलचे दोन शंकू. पहिल्या शंकूला जेमतेम एक मिलिमीटरचं भोक.

त्या भोकावर मीठ साचतं. म्हणून नियम असा की नमुन्यात विरघळलेले क्षार ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. ०.२ टक्के म्हणजे लिटरला २,००० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी दुसरा स्रोत नसताना भारतीय मानकाने चालवून घेतलेली टीडीएसची कमाल मर्यादाही नेमकी हीच आहे. खारपाणपट्ट्यातलं पाणी अनेकदा ही मर्यादा ओलांडतं. म्हणजे आपल्या भागातलं पाणी न पातळ करता यंत्रात घातलं, तर आधी यंत्राच्याच किडनीला त्रास! शंकू स्वच्छ केले नाहीत किंवा भोक झिजून मोठं झाल्यावर बदलले नाहीत, तर सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा जुळणार नाही.

सेलेनियमची आणखी एक खोड आहे. त्याचे सुमारे निम्मे अणू ८० वजनाचे. आर्गॉनचे ४० वजनाचे दोन अणू एकमेकांना चिकटले की तेही ८०. यंत्राला दोघांत फरक कळत नाही. म्हणून सेलेनियम ७८ वजनावर मोजतात किंवा आत दुसरा वायू सोडून ती जोडी फोडतात. हे सगळं करणारा माणूस जाणकार हवा आणि सुटे भाग त्याच्या हाताशी हवेत. शेगावच्या मुलींना "तुम्हाला बुरशी झालेली नाही" हे सांगायला असा माणूस लागतो.

तुम्ही काय करायचं?

घाबरायचं नाही. बहुतेक रिपोर्ट बरोबर असतात. पण काही गोष्टी लक्षात ठेवा.

१. रिपोर्ट आणि तब्येत जुळत नसेल, तर उपचाराआधी तपासणी पुन्हा करून घ्या. "पुन्हा कशाला पैसे?" असं म्हणू नका.

२. जुने रिपोर्ट जपून ठेवा. वर्षानुवर्षं १ असलेलं क्रिएटिनिन एका रात्रीत १.४ झालं, तर आधी तपासणी पुन्हा, मग काळजी.

३. एकाच क्रिएटिनिनवर किडनीचा आजार ठरत नाही. तीन महिन्यांचा कालावधी आणि लघवीची तपासणी लागते.

४. लॅबमध्ये विचारा, "रोज कंट्रोल लावता का?" कंट्रोल म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे असा नमुना. चांगल्या लॅबला या प्रश्नाचा राग येत नाही.

५. घरच्या ग्लुकोमीटरची पट्टी हाही सुटा भागच आहे. १९६२ मध्ये लेलंड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी एन्झाइमचा इलेक्ट्रोड सुचवला, त्याचीच ती नात. इथे झिजणारा भाग दर वेळी फेकून नवा घेतात. पण डबीचं झाकण उघडं राहिलं किंवा मे महिन्यात डबी पत्र्याच्या खोलीत ठेवली, तर नवी पट्टीही खराब निघते. डबीवर लिहिलेलं तापमान आणि मुदत वाचा.

आणि लहान लॅब चालवणाऱ्या माझ्या मित्रांनो, नळी, दिवा, पडदा यांची बदलायची तारीख यंत्रावरच चिकटवा. एक जोड कायम कपाटात ठेवा. भाग पुण्या-मुंबईहून येईपर्यंत थांबायची वेळ आली, तर तेवढे दिवस ती तपासणी बंद ठेवा आणि रुग्णाला तसं सांगा. त्या दिवशी माझ्या आजोबांचा नमुना कुणी तपासायचं नाकारलं असतं, तर मला ते आवडलं असतं.

पुढच्या वेळी लॅबमध्ये "दहा मिनिटं थांबा, नळी बदलतोय" असं कुणी म्हणालं, तर थांबा. वाटल्यास खुर्ची पुढे ओढून ती कशी बदलतात तेही बघा.